भोकरमाळचा निरोप

सुधीर उबाळेने आपल्या बायकोला पहिल्यांदा शीळ घालताना ऐकलं, तेव्हा त्यांच्या मुलीचंसुद्धा लग्न होऊन गेलं होतं. खारघरच्या डोंगरावर, भोकरमाळ नावाच्या ठाकरवाडीत, नुकत्याच बांधलेल्या जोत्यावर अरुणा उभी होती. खालून विटा घेऊन येणाऱ्या पोरी भलत्याच वाटेला लागल्या होत्या आणि हाका त्यांच्यापर्यंत पोचत नव्हत्या. अरुणाने दोन बोटं ओठांत घातली आणि अशी शीळ मारली की आंब्याखाली झोपलेली कुत्री उठून उभी राहिली. सगळे हसले. प्रीतम आढाव तेवढा हसला नाही. हातातली थापी खाली ठेवून तो म्हणाला, "अजून येते की तुला, अरुणे."

सुधीर घमेलं धरून तिथेच उभा होता. शिळेपेक्षा त्याला ते 'अजून' जास्त लागलं.

ही सगळी माणसं नेरुळच्या एका लहानशा मराठी चर्चची. नगर, जालना, कोल्हापूरकडून नोकरीपायी नवी मुंबईत आलेली ख्रिस्ती कुटुंबं रविवारी सकाळी उपासनेला जमायची आणि मग चहाच्या निमित्ताने तासभर अंगणात रेंगाळायची. त्या वर्षी तरुण संघाच्या पोरांना मिशन ट्रिपला जायचं होतं, आदिवासी भागात शाळा बांधायला. त्यांच्या डोळ्यांपुढे रात्रभराचा प्रवास होता. पाळकसाहेबांनी त्यांना गच्चीवर नेलं आणि समोरचा डोंगर दाखवला. त्या डोंगराच्या माथ्यालगत ही वाडी होती. तिथून सीवूड्सचे टॉवर दिसत, उतरणारी विमानं दिसत, पण वाडीला रस्ता नव्हता. पायथ्याच्या जुन्या दगडखाणीपर्यंत टेम्पो जाई, पुढे नुसती पायवाट. मोठी मुलं शाळेसाठी खाली उतरत. पण पावसाळ्यात मधला ओढा भरला की लहान पोरं घरी बसत, आणि एकदा बसली की बसतच.

वाडीची तयारी होती, जागा वाडीनेच दिली. बोलणी झाली त्या दिवशी गोटीराम नावाच्या वाडीतल्या कर्त्या माणसाने सरळच विचारलं होतं, की शाळेत तुमचा देव पण येणार काय. पाळकसाहेब शब्द जुळवत होते, तेवढ्यात अरुणा म्हणाली की देवाचं देव बघेल, शाळेत मास्तर आला पाहिजे. गोटीराम मान हलवून हसला होता, आणि तेव्हापासून वाडीतली माणसं काहीही विचारायचं झालं तर अरुणालाच विचारत. निरोपाचं कामही तिच्याकडेच आलं. वर मोबाइलला रेंज नव्हती, पण गोटीराम रोज खारघरला मजुरीला उतरे, त्याला संध्याकाळी फोन लागे. सामान कधी येणार, वर न्यायला किती माणसं लागणार, हे अरुणाने त्याला कळवायचं आणि वाडीने तयारीत राहायचं.

बांधकाम प्रीतम बघत होता. तो उलव्यात राहायचा, लहानमोठी कंत्राटं घ्यायचा आणि त्याच वर्षी चर्चमध्ये यायला लागला होता. पहिल्याच रविवारी चहाचा कप हातात घेऊन अरुणा त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आढावांचा प्रीतम ना तू?" दोघं नगरच्या एकाच मिशन कंपाऊंडात वाढलेले निघाले. सुधीरला त्या दिवशी बरंच वाटलं होतं. बायकोला माहेरचं माणूस भेटलं, यापलीकडे त्याच्या मनात काही आलं नाही.

ते आलं हळूहळू. अरुणाचे वडील गवंडी होते, एवढं सुधीरला ठाऊक होतं. लग्नाच्या बोलणीत एकदा तो उल्लेख झाला, तेव्हा सुधीरच्या आईने नाक मुरडलं होतं, म्हणून तो विषय घरात पुन्हा निघालाच नाही. आता प्रीतमच्या तोंडून त्याला कळत होतं की सुट्टीत अरुणा बापाच्या हाताखाली विटा द्यायची, ओळंबा धरायची, दुपारी कंपाऊंडातल्या चिंचेवर चढायची. प्रीतम त्याच बापाकडे काम शिकला होता. वाडीवर दोघं समोरासमोर उभे राहून भिंतीची दोरी ताणत आणि अर्ध्या वाक्यात एकमेकांचं बोलणं कळून घेत. ती त्याला 'अरे', 'तू' म्हणे. तो तिला 'अरुणे' म्हणे. सुधीरला ती लग्नापासून 'अहो' म्हणत आली होती, आणि इतकी वर्षं त्यात त्याला काहीच खटकलं नव्हतं.

एकदा घरी त्याने विषय काढून बघितला.

"तो तुला अरुणे म्हणतो."

"मग काय अरुणाबाई म्हणेल?" ती म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

सुधीर बंदराच्या एका ऑफिसातून वर्षभरापूर्वी निवृत्त झाला होता. सीवूड्सच्या घरात कधी मोठं भांडण झालं नव्हतं. तो पेपर वाचायचा, ती शिकवण्या घ्यायची, संध्याकाळी दोघं टीव्हीपुढे बसायचे. आता मात्र तो बायकोकडे बघायला लागला. शनिवारी सकाळी ती जुना पंजाबी ड्रेस घालून बुटांच्या नाड्या बांधायला बसली की तिच्या हालचालीत एक घाई दिसायची, ती बाकीच्या दिवशी नसायची. परतताना बसमध्ये तिचा चेहरा उन्हाने रापलेला आणि खूश असायचा. ती आंघोळीला गेली असताना त्याने एकदा तिचा फोन उघडून प्रीतमचे मेसेज बघितले. सगळे भिंतींचे फोटो. त्याने ते खालपासून वरपर्यंत बघितले. लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच त्याला सोसेना. भिंतींचे एवढे फोटो कुणी कुणाला पाठवतं का, असं त्याला वाटत राहिलं.

आधी तो शनिवारी घरी राहायचा, आता दर खेपेला जाऊ लागला. नवे बूट घेतले. वर मात्र त्याचा उपयोग होत नव्हता. अर्धं घमेलं उचललं की पाठ धरायची, माल कालवायला घेतला की पाणी जास्त पडायचं. प्रीतम कधी टोचून बोलत नसे. "राहू द्या सुधीरराव, सावलीला बसा जरा," म्हणायचा, आणि सुधीर आंब्याखाली बसून दोघांची बडबड ऐकायचा. हसू मोठ्याने यायचं, शब्द मात्र कळायचे नाहीत.

मार्चमध्ये एका मंगळवारी संध्याकाळी अरुणा खाली गेटवर भाजी घ्यायला गेली होती. तिचा फोन घरात चार्जिंगला लावलेला होता. तो वाजला, आणि प्रीतमचं नाव बघून सुधीरने उचलला.

प्रीतम बसस्टँडवर होता, मागे गलका होता. त्याचे चुलते वारले होते, तो नगरला निघाला होता. अरुणा नाही म्हटल्यावर त्याने निरोप सुधीरकडेच दिला. शनिवारी यायचं सिमेंट टेम्पोवाला आजच खाली खाणीपाशी उतरवून जाणार होता. तिथल्या शेडला पत्रे उरलेले नव्हते. तेव्हा अरुणाने गोटीरामला आजच फोन करावा आणि उद्या-परवात वाडीने गोण्या वर नेऊन झाकून ठेवाव्यात.

"तेवढं न विसरता सांगा," प्रीतम म्हणाला.

"सांगतो," सुधीर म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की चुलत्यांबद्दल आपण अवाक्षर बोललो नाही.

अरुणा वर आली, मेथीची जुडी घेऊन जमिनीवर बसली. फोन आला होता का, असं तिने सहज विचारलं. क्रेडिट कार्डवाल्यांचा होता, असं तो म्हणाला. मग आत जाऊन त्याने तो कॉल पुसून टाकला. त्याने तेव्हा काही ठरवलं होतं असं नाही. जेवताना सांगू, असं त्याच्या मनात होतं. पण मेथी निवडताना अरुणा गुणगुणत होती, आणि ती चाल वाडीवर प्रीतमच्या तोंडात असायची. जेवताना तो बोलला नाही. सकाळी सांगता आलं असतं, पण सकाळी सांगायचं तर काल का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं. आणि खरं म्हणजे आतून त्याला एक गोष्ट हवी होती. शनिवारी सिमेंट वर नसलेलं बघून अरुणा त्या माणसावर एकदा, फक्त एकदा, चिडलेली त्याला बघायची होती. पावसाचा विचार त्याच्या डोक्यात नव्हता.

गुरुवारी दुपारी अवकाळी आला. ढगांचा गडगडाट ऐकून दोघं वाळत घातलेले कपडे काढायला गॅलरीत गेले. पाऊस आडवा लागत होता, समोरच्या इमारती दिसेनाशा झाल्या.

अरुणा म्हणाली, "बरं झालं बाई, सिमेंट शनिवारी यायचंय."

सुधीर टॉवेलची घडी घालत होता. तेव्हासुद्धा वेळ गेलेली नव्हती. फोन केला असता तर निम्म्या गोण्या तरी वाचल्या असत्या. त्याने घडी नीट घातली, बाकीच्या घड्यांवर ठेवली आणि आत गेला. पाऊस रात्री थांबला आणि शुक्रवारी पुन्हा लागला.

शनिवारी सगळे खाणीपाशी उतरले तर शेडच्या भिंतीला लागून गोण्यांची थप्पी उभी होती. खाली चिखल होता, गोण्यांवर करडे ओघळ वाळले होते. प्रीतम नगरहून परस्पर तिथेच आला होता. त्याने एका गोणीवर हात दाबला, मग दुसरीवर, मग पहारीने ठोकून बघितलं. दगडावर दगड आपटावा तसा आवाज आला. वाडीतली माणसंही उतरली होती. गोटीरामची आई मुक्ताबाई गोण्यांभोवती फिरून आली आणि कुणाला उद्देशून नाही अशी म्हणाली, "आमाला कुनी बोललं असतं, तं सांजच्याला वर नेलं असतं."

अरुणाने प्रीतमकडे बघितलं. "तू मला कळवलं का नाहीस?"

प्रीतम बोलायला गेला आणि थांबला. त्याची नजर अरुणावरून सुधीरवर आली, क्षणभरच, आणि पुन्हा गोण्यांवर गेली.

"राहिलं," तो म्हणाला. "चुलते वारले, त्या गडबडीत डोक्यातून गेलं."

"राहिलं कसं? एवढी मोठी गोष्ट राहिली कशी?" अरुणाचा आवाज चढला. तरुण संघाची पोरं खाली बघत उभी राहिली. प्रीतमने ऐकून घेतलं. सुधीरला जे बघायचं होतं ते त्याच्या समोर चाललं होतं, आणि तो आपल्या नव्या बुटांवरचा चिखल बघत होता.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर जाहीर सूचनांच्या वेळी प्रीतम उभा राहिला आणि चूक आपली होती, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. एक जुने पंच म्हणाले की काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं, इतका निष्काळजीपणा बरा नाही. तेव्हा अरुणा उठली. तिने सांगितलं की मी त्याच्यावर काल पुष्कळ चिडले, पण घरात मयत झालेल्या माणसाकडून एक गोष्ट राहिली म्हणून त्याला काढायचं असेल तर मलाही काढा. पंचांनी विषय सोडून दिला. सुधीर बाकावर तिच्या शेजारी बसून तिच्या साडीच्या निऱ्यांकडे बघत होता. आपल्यासाठी ही अशी कधी उभी राहिली का, हा विचार त्याला तिथे, त्या क्षणीही आला. आणि त्या माणसाने आपल्याला वाचवलं होतं. आता त्याच्यावर रागावणंही शक्य नव्हतं. यापेक्षा त्याने तिथेच खाणीत आपलं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं सुधीरला वाटलं.

प्रीतमने हिशेब करून सांगितलं की पावसाच्या आत आता दोन खोल्या होणार नाहीत. नवीन सिमेंट मिळेल, पण ते येईपर्यंत आणि वर चढेपर्यंत दिवस जातील. एक खोली छपरापर्यंत न्यायची, दुसरी तशीच ठेवायची. एका खोलीत वाडीतली निम्मी पोरं मावणार होती. कुणाची घ्यायची आणि कुणाची ठेवायची, हे अरुणाने मुक्ताबाईच्या ओटीवर बसून ठरवलं. त्या दिवशी घरी आल्यावर ती जेवली नाही.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. कुणाबद्दल मनात काही असेल तर आधी त्याच्याशी समेट करा आणि मग या, असं पाळकसाहेब दर वेळी म्हणत, तसं त्या दिवशीही म्हणाले. भाकरीचं तबक बाकावरून सरकत सुधीरपर्यंत आलं. त्याने ते घेतलं आणि तसंच पुढे दिलं. द्राक्षारसाचे इवलेसे प्याले आले, तेही पुढे दिले. अरुणाने मान वळवली नाही, पण तिच्या बोटांत भाकरीचा तुकडा बराच वेळ तसाच राहिला.

घरी आल्यावर तिने कुकर लावला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"आज तुम्ही भाकर घेतली नाहीत."

पोट बरं नाही, असं काहीतरी त्याच्या ओठांवर आलं होतं. पण त्याने ते सांगितलं नाही. दारात उभं राहून, गॅसकडे बघत, त्याने फोनचं सांगितलं. मंगळवारचं, क्रेडिट कार्डचं, पुसलेल्या कॉलचं. एका दमात सांगितलं.

अरुणाने गॅस बंद केला.

"तू?" ती म्हणाली.

इतक्या वर्षांत तिने त्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. गेले चारपाच महिने त्याने त्या एका शब्दाचा हेवा केला होता, आणि तो आता असा मिळाला.

"मी गॅलरीत म्हणाले, बरं झालं, सिमेंट शनिवारी यायचंय. तू टॉवेलची घडी घालत होतास."

"हो."

"का केलंस असं?"

 तो म्हणाला, "तू तिथं हसतेस."

ती रडली नाही. बोलली तेव्हा आवाज उतरला होता.

"मला वाटायचं तुम्ही बघतसुद्धा नाही. बघत होता, तर एकदा विचारायचं होतं, कशाला हसतेस म्हणून. मी सांगितलं असतं." मग म्हणाली, "माझं राहू दे. त्या पोरांनी तुमचं काय घोडं मारलं होतं?"

'तुम्ही' परत आलं होतं. ते ऐकून त्याला जास्त भीती वाटली.

प्रीतमला तिने सांगावं, असं त्याच्या मनात असेल तर ते तिने ओळखलं असावं. तुमचं तुम्ही सांगा आणि आजच सांगा, एवढं बोलून ती आत जाऊन पडली.

उलव्यात प्रीतमच्या इमारतीच्या आजूबाजूला अजून सगळी बांधकामं चालू होती. दार त्याची बायको संध्याने उघडलं, पाणी दिलं, चहा टाकते म्हणाली आणि आत गेली.  सुधीर बसलाही नाही. "निरोप मी दिला नव्हता," एवढंच म्हणाला.

"माहीत आहे मला," प्रीतम म्हणाला. "बसा."

"मग बोलला का नाहीत?"

प्रीतमने आतल्या खोलीकडे एकदा बघितलं. आवाज त्याने बारीक केला नाही, म्हणजे संध्याला हे ठाऊक असावं. तो म्हणाला की विशीत असताना त्याने अरुणाला लग्नाचं विचारलं होतं. "ती हसली. तिच्या मनात वाईट नव्हतं, पण हसली. मला पुढे कितीतरी दिवस कंपाऊंडात तोंड दाखवायची चोरी झाली. मग तुमचं स्थळ आलं. तुम्ही बघायला आलात तेव्हा मी समोरच्या भिंतीवर होतो. तुमच्या अंगावर एक वीट टाकावी असं मनात आलं होतं." तो किंचित हसला. "खाणीत तुमचा चेहरा बघितला आणि मला ते आठवलं."

"म्हणून माझ्यासाठी खोटं बोललात?"

"तुमच्यासाठी नाही. सगळ्या वाडीसमोर तिला मान खाली घालावी लागली असती."

चहा आला. तिघांनी तो घेतला. निघताना प्रीतमने विचारलं की तुम्ही दिवसा मोकळे असता ना, नवीन सिमेंट येतंय, आडवारी, शनिवार सोडून, माणसं कमी पडतील. सुधीर हो म्हणाला.

परतताना त्याला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. आपला संशय अगदीच वेडा नव्हता, हे त्याला आता कळलं होतं. आणि तो माणूस आपल्यापेक्षा चांगला आहे, हेही. दोन्ही गोष्टी बसमध्ये त्याच्या शेजारी बसून आल्यासारख्या घरापर्यंत आल्या.

पुढच्या रविवारी सूचनांच्या वेळी तो उभा राहिला. प्रीतमने फोन केला होता, निरोप माझ्याकडे दिला होता, मी तो पुढे दिला नाही, असं म्हणाला आणि बसला. कारण त्याने सांगितलं नाही. सगळ्यांच्या नजरा अरुणाकडे वळल्या. ती गीतांच्या पुस्तकाची पानं उलटत राहिली.

मग तो आडवारी एकटाच भोकरमाळला जायला लागला. खाणीपासून वर सिमेंट न्यायचं, तेही ऊन चढायच्या आत. पहिल्या दिवशी मुक्ताबाईने गोणी फोडून त्याच्यासाठी अर्धी पाटी भरली. त्याच्या डोक्यावर चुंबळ ठेवता ठेवता तिने विचारलं, "तुमी इसरला व्हता काय?"

"नाही," सुधीर म्हणाला. "विसरलो नव्हतो."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. मग पाटी उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली. "मंग चला," म्हणाली.

त्याची पाठ दुखली, खांदे सोलले, मेच्या उन्हात एकदा चक्कर येऊन तो वाटेतच बसला. कुणी त्याचं कौतुक केलं नाही. गोटीराम तर कित्येक दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलला. घरी अरुणा डबा भरून द्यायची, परत आल्यावर पाठीला लावायला तेल गरम करून ठेवायची, पण लावून द्यायची नाही. शनिवारी सगळे एकत्र यायचे तेव्हा ती आणि प्रीतम पूर्वीसारखीच भिंतीशी उभी असायची. हसायची मात्र कमी. आपण तिचं ते हसूही बिघडवलं, हे सुधीर खालून पाटी घेऊन येताना बघायचा. आणि तरी, तिने प्रीतमच्या हातातून दोरीचं टोक घेतलं की त्याचे पाय वाटेतच थांबायचे.

जूनमध्ये शाळा उघडली. एका खोलीवर पत्रे चढले होते. दुसऱ्या खोलीच्या भिंती गुडघ्याएवढ्या होऊन थांबल्या होत्या आणि ज्या पोरांना आत जागा मिळाली नव्हती ती त्यांच्यावर ओळीने बसली होती. वाडीतलीच बारावी झालेली वैष्णवी शिकवणार होती. तिने आतल्या पोरांना बाराखडी म्हणायला लावली तर बाहेर भिंतीवर बसलेलीही मोठ्याने म्हणायला लागली. सुधीर बाहेरच उभा होता. त्याला त्या भिंतींकडे बघवत नव्हतं आणि तिथून हलताही येत नव्हतं. गोटीरामने विचारलं की ही खोली दिवाळीनंतर धरायची ना. सुधीर म्हणाला की पाऊस उघडला की मी येतोच आहे.

परतीच्या बसमध्ये अरुणा खिडकीशी बसली, तो तिच्या शेजारी. खारघर मागे पडलं. मग तो म्हणाला, "प्रीतम मघाशी सांगत होता, तुझे वडील भिंत बांधताना गाणी म्हणायचे."

बोलतानाही त्याला वाईट वाटत होतं. सासऱ्याची गोष्ट, आणि ती प्रीतमकडून कळायची.

अरुणाने मान वळवली. "कोण, बाबा? गाणी?"

"तो तसं म्हणाला."

"गाणी कुठली. शिव्या द्यायचे. वीट बसली नाही की शिवी. मिशनच्या आवारात शिव्या दिलेल्या चालायच्या नाहीत, म्हणून उपासनेतल्या गाण्यांच्या चालीवर द्यायचे. प्रीतम खाली माल कालवायचा, त्याला तिथून गाणीच वाटली असणार. परांचीवर त्यांच्याजवळ मी असायचे."

"कसल्या शिव्या?"

तिने बसमध्ये मागेपुढे बघितलं. मग त्याच्या कानाशी वाकून तिने एक ओळ हलकेच चालीवर म्हटली. सुधीरला एवढ्या जोरात हसू आलं की पुढच्या सीटवरच्या बाई वळून बघायला लागल्या. अरुणा खिडकीबाहेर तोंड करून बसली, पण तिचे खांदे हलत होते.

"आणखी एक सांग," तो म्हणाला.

"घरी गेल्यावर," ती म्हणाली.

प्रीतमला हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्याला ती गाणीच वाटत आली होती. सीवूड्स येईपर्यंत सुधीरला त्याचा आनंद होत राहिला, आणि असा आनंद होतो आहे याची थोडी लाजही वाटत राहिली.